चाळिशी-पन्नाशीत नवा विषय निवडताय? आधी त्याची हमाली बघून घ्या

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी एक चूक बारा हप्त्यांत विकत घेतली. डेटा अ‍ॅनालिटिक्सचा ऑनलाइन कोर्स. ऑफिसात दोघातिघांनी केला होता, जाहिरातीत माझ्याच वयाची एक बाई हसत होती आणि समुपदेशक म्हणवणारा पोरगा रोज फोन करत होता. रात्री भांडी आवरून लॅपटॉप उघडायचा, व्हिडिओ लावायचा आणि दहाव्या मिनिटाला उद्याच्या डब्याचा विचार सुरू. तिसऱ्या महिन्यात व्हिडिओ बंद झाले. हप्ते मात्र वर्षभर न चुकता जात राहिले.

त्यानंतर दीड वर्षाने मी मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी, शिकायला लागले. त्याला आता तीन वर्षं होतील. मी भांडुपला राहते, फोर्टात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये नोकरी करते. वेळ, पैसा, डोळे सगळं बेताचंच. पहिल्या वेळी काय चुकलं आणि दुसऱ्या वेळी काय जमलं, त्यावरून या पायऱ्या लिहिल्या आहेत. विषय तुमचा वेगळा असेल. खड्डे बहुतेक तेच आहेत.

पायरी १: कशासाठी शिकायचंय ते एका ओळीत लिहा

खरंच कागदावर लिहा. कारणं साधारण तीनच निघतात. पैसा किंवा नोकरी, अर्धवट राहिलेली पदवी, नाहीतर हौस. तिन्ही रास्त आहेत, पण एकात दुसरं मिसळू नका. हौसेला ‘पुढे यातून काहीतरी उत्पन्नही होईल’ असं शेपूट जोडलं की आपण भलताच महागडा कोर्स निवडतो. माझ्या कागदावर पहिल्या वेळी काय आलं असतं? ‘ऑफिसातल्या पोरांच्या मागे पडू नये म्हणून.’ हे लिहून वाचलं असतं तर पैसे वाचले असते.

पायरी २: विषयाची हमाली करून बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच सगळे गाळतात.

प्रत्येक विषयाला एक दर्शनी बाजू असते आणि मागे त्याची हमाली असते. आपण दर्शनी बाजूवर भाळतो. दिवस जातात हमालीत. वकिली म्हणजे कोर्टातला युक्तिवाद वाटतो, पण अभ्यास म्हणजे कलमं, पोटकलमं, परंतुकं आणि त्यावरचे निकाल वाचणं. जर्मन शिकायचं तर प्रत्येक नामाचं लिंग पाठ करावं लागतं. तिकडे टेबल पुल्लिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी. पक्षिनिरीक्षणात फ्लेमिंगोंचे गुलाबी फोटो दिसतात, पण सकाळी सहाला डास चावत असताना सगळे सारखेच दिसणारे मातकट वटवटे वेगळे ओळखता यायला हवेत. शास्त्रीय गाण्यात कित्येक महिने नुसता सा लावत बसायचं. कोडिंगमध्ये चुकलेला एक स्वल्पविराम शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

प्रश्न एवढाच की ही हमाली तुम्हाला सोसवते का? आवडली तर उत्तमच.

मोडीचं उदाहरण देते, कारण ते मला आतून माहीत आहे. लोकांना वाटतं मोडी शिकलं की पेशव्यांची पत्रं वाचायची. आधी काय करावं लागतं, तर पानभर आडवी रेघ मारायची आणि मग त्या रेघेला अक्षरं टांगायची. आपण बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आधी अक्षर काढतो आणि वर रेघ मारतो, इथे उलटं. हात शक्यतो न उचलता लिहायचं, त्यामुळे एक अक्षर दुसऱ्यात घुसतं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, हे मात्र शाळेत शुद्धलेखनाचे गुण घालवलेल्या माझ्यासारखीला फार गोड वाटलं.

अक्षर बसलं की पुढची हमाली सुरू होते. तारखेच्या जागी ‘खमस सबैन मया व अलफ’ असलं काहीतरी येतं. हे अरबी आकडे आहेत, एककापासून उलटे: पाच, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन ११७५. शुहूर ही त्या कागदांतली तेव्हाची कालगणना. त्यात वर्षातल्या महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवायचे, की इसवी सन १७७४-७५ येतं. हे कोष्टक मी महिनाभर फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं. भाजी काढता काढता पाठ झालं.

सरावाला मिळालेल्या पहिल्या अस्सल कागदाची झेरॉक्स होती अर्ध्या पानाची. त्याला मला दोन संध्याकाळी लागल्या. निघालं काय? घोड्यांच्या दाण्याचा हिशेब. इतके शेर हरभरा, इतक्या दिवसांचा. एवढ्यासाठी दोन संध्याकाळी घालवल्या म्हणून नवरा हसला. पण त्या दोन दिवसांत मी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नव्हतं, आणि बेरीज जुळते का तेही तपासलं होतं. अकाउंट्सवाल्यांची खोड. तेव्हाच कळलं की हे जमणार.

तर तुमच्यासाठी गृहपाठ असा. पैसे भरायच्या आधी दोन आठवडे, रोज साधारण पाऊण तास, फक्त हमाली करा. कायदा करायचा असेल तर सरकारी संकेतस्थळावरून एखादा अधिनियम मराठीत उतरवून घ्या आणि पंधरा कलमं वाचून स्वतःच्या शब्दांत लिहा. भाषा असेल तर शंभर नामं लिंगासकट पाठ करा. संगणकाचा विषय असेल तर ‘स्वयम’वर व्याख्यानं फुकट बघता येतात. हा केंद्र सरकारचा मंच २०१७ पासून आहे. नुसती व्याख्यानं बघू नका, गृहपाठही सोडवा. हमाली गृहपाठात असते.

दोन आठवड्यांत चार दिवस बुडाले तर काळजी नको. दहा बुडाले तर विषय बदला. विषय बदलायला या टप्प्यावर एक पैसाही पडत नाही.

पायरी ३: जागा निवडताना आधी रेल्वेचा नकाशा बघा

हा खास मुंबईचा मुद्दा. ज्या वर्गाला जायला दादरला गाडी बदलावी लागते, तो वर्ग पावसाळ्यात निम्मा बुडतो. संस्था कितीही नामांकित असो, घर-ऑफिसच्या वाटेवर किंवा तिच्या एका टोकाला असेल तरच धरा. मी मोडीचा वर्ग निवडला तो दादर पूर्वेला, शनिवारी दुपारी. स्टेशनपासून चालत. आठवड्याच्या मधल्या संध्याकाळचा वर्ग मी मुद्दाम टाळला. सहा वाजता निघते म्हटलं की साडेपाचला साहेबांना काहीतरी आठवतंच.

कुठे काय आहे ते थोडक्यात:

मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षण संस्था कलिन्याला आहे. आपण तिला अजून ‘आयडॉल’ म्हणतो, आता तिचं नाव ‘सीडीओई’ आहे. १९७१ पासूनची आहे. बी.ए., बी.कॉम., एम.ए. वगैरे पदव्यांसाठी. कलिना संकुलातच संस्कृत, पाली आणि परदेशी भाषांचे विभाग आहेत. तिथल्या छोट्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांकडे फार लोक बघत नाहीत, तुम्ही बघा.

‘इग्नू’चं, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यापीठाचं, मुंबईचं प्रादेशिक केंद्र मुलुंड पूर्वेला आहे. प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रांसाठी. हाताने लिहिलेले स्वाध्याय द्यावे लागतात आणि त्यांचे गुण धरले जातात, हे लक्षात ठेवा. बारावी अर्धवट राहिलेल्यांनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची चौकशी करावी. १९८९ मध्ये ते अशाच लोकांसाठी सुरू झालं, आणि मराठीतून शिकता येतं. बायकांसाठी एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे, चर्चगेटला आणि जुहूला.

निसर्गाची आवड असेल तर फोर्टातली बीएनएचएस, म्हणजे १८८३ ची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. तिचे पक्षी, वनस्पती, कीटकांचे अभ्यासक्रम नोकरदारांनाही जमण्यासारखे असतात, आणि शिवडीची खाडी नाहीतर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान हीच प्रयोगशाळा. जर्मनसाठी काळा घोड्याचं मॅक्सम्युलर भवन. प्राचीन भारतीय विद्या, बौद्ध-जैन अभ्यास असलं काही हवं असेल तर विद्याविहारचं सोमय्या संकुल.

मोडीसाठी काळा घोड्यालाच, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्याचं पुराभिलेखागार आहे. त्याची सुरुवात १८२१ ची. पुराभिलेख संचालनालय अधूनमधून मोडीचे प्रशिक्षणवर्गही घेतं, जाहिरातीवर नजर ठेवा. हौस बाजूला ठेवली तरी मोडी वाचणाऱ्यांना काम असतं. जुन्या जमिनीच्या नोंदी, खरेदीखतं मोडीत आहेत. २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर निघालं, तेव्हा मोडी वाचक किती कमी आहेत ते सगळ्यांनाच कळलं.

पायरी ४: मान्यता स्वतः तपासा

यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. ‘यूजीसी मान्यताप्राप्त’ असं फलकावर लिहायला रंगच लागतो. पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे ‘डीईबी’च्या यादीत त्या विद्यापीठाचं नाव, तो विशिष्ट अभ्यासक्रम आणि चालू वर्ष ही तिन्ही आहेत का ते बघा. विद्यापीठ आहे पण अभ्यासक्रम नाही, असं सर्रास असतं.

सापळे तीन. एक, गल्लीतला क्लास ‘आम्ही अमुक विद्यापीठाची शाखा’ म्हणून प्रवेश देतो. मुक्त विद्यापीठांना अशी फ्रँचायझी देता येत नाही. पैसे थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भरा. दोन, पोस्टाने एलएलबी. वकिलीची पदवी दूरस्थ होत नाही, कितीही गोड बोलून सांगितलं तरी. पदवीनंतरचा तीन वर्षांचा कायदा करायचा तर एमएच-सीईटी ही प्रवेशपरीक्षा द्यायची आणि वर्गात हजेरी लावायची. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फिजिओथेरपी यांचंही तेच. तीन, ‘आता एकाच वेळी दोन पदव्या चालतात’ म्हणून दोन ठिकाणी फी भरायला लावणारे. २०२२ पासून तसं करता येतं हे खरं. पण नोकरी सांभाळून एक पदवी पार पडली तरी देव पावला म्हणा.

हौसेच्या वर्गाला मान्यता वगैरे काही लागत नाही. तिथे शिकवणारा कसा आहे तेवढं बघा. एक तास मागे बसू देतात का विचारा. नाही म्हणाले तर पुढच्या ठिकाणी जा.

पायरी ५: कागदपत्रं, म्हणजे माळ्यावरची ट्रंक

पदवी अभ्यासक्रमाला साधारण हे लागतं:

- दहावी, बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं
- पदवीची शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र
- शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र
- आधार, आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल नंबर
- ‘एबीसी’ आयडी, म्हणजे श्रेयांकांचं खातं. डिजिलॉकरमधून निघतं
- दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीसाठी यूजीसीच्या पोर्टलवरचा ‘डीईबी’ आयडी
- नावबदलाचा पुरावा
- मधल्या वर्षांचं, म्हणजे गॅपचं, प्रतिज्ञापत्र. काही ठिकाणी स्वघोषणापत्र चालतं, आधी विचारा आणि मग स्टॅम्पपेपर घ्या

यातला नावबदल बायकांना घाम फोडतो. माझी दहावी ते पदवी माहेरच्या नावावर, आधार-पॅन सासरच्या. ऑनलाइन अर्जात नाव आधारप्रमाणेच घ्यायचं आणि गुणपत्रिकेशी जुळायलाही हवं, म्हणजे आली का पंचाईत! विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली जाहिरात, दोन्हींपैकी एक हाताशी ठेवा. आमच्या लग्नाची तर नोंदणीच केलेली नव्हती. ती लग्नानंतर बावीस वर्षांनी केली, आणि साक्षीदार म्हणून सासूबाई आल्या. ‘आता तरी पक्कं झालं म्हणायचं,’ असं तिथल्या बाकावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. राजपत्राचा अर्ज आता ऑनलाइन होतो, त्यासाठी चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यात खेपा घालायची गरज राहिलेली नाही.

दुसरी गंमत आमच्या वयाच्यांना हमखास भेटते. १९९६ च्या आधी पदवीधर झालेल्यांच्या प्रमाणपत्रावर ‘युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे’ असतं. १८५७ पासून तेच नाव होतं, १९९६ मध्ये बदललं. एका ठिकाणी खिडकीमागच्या पंचविशीतल्या मुलाने माझं प्रमाणपत्र दोनदा उलटंपालटं करून विचारलं, ‘मॅडम, ही युनिव्हर्सिटी यादीत दिसत नाही, बाहेरची आहे का?’ मी म्हटलं, बाळा, खिडकीतून डोकं काढलंस तर राजाबाई टॉवर दिसेल. नाही दिसला, आम्ही अंधेरीला होतो. अर्ज भरताना यादीतून ‘मुंबई विद्यापीठ’ निवडा, एवढंच करायचं.

दहावी-बारावीची गुणपत्रिका हरवली असेल तर दुसरी प्रत मुंबई विभागीय मंडळाकडून मिळते. ते कार्यालय वाशीला आहे. बैठक क्रमांक आठवत नसेल तर आधी शाळेत जा, शाळेच्या जुन्या नोंदवहीत तो असतो. शिपाईकाकांना चहा पाजा, नोंदवही कुठल्या कपाटात आहे ते फक्त त्यांनाच माहीत असतं.

पायरी ६: पैसे

सवलतीचा हप्ता म्हणून जे सांगतात ते बऱ्याचदा तुमच्या नावावरचं कर्ज असतं. कोर्सवाली कंपनी वेगळी, पैसे देणारी वेगळी. तुम्ही कोर्स सोडलात तरी दुसरीला घेणंदेणं नाही, आणि हप्ता चुकला तर सिबिल बिघडतं. माझ्याशी फोनवर बोलताना ‘कर्ज’ हा शब्द एकदाही उच्चारला गेला नव्हता. तो करारात होता, मी न वाचलेल्या पानावर. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार २०२२ पासून डिजिटल कर्जात मागे फिरायला ‘कूलिंग-ऑफ’ची मुदत द्यावी लागते. मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय सुटता येतं. किती दिवस ते करारात असतं. सही करायच्या आधी तेवढी एक ओळ तरी शोधा.

आयकरात मुलांच्या फीवर जी वजावट मिळते ती स्वतःच्या फीवर मिळत नाही. जुन्या करप्रणालीत असाल आणि बँकेकडून रीतसर शैक्षणिक कर्ज घेतलं असेल, तर त्याच्या व्याजावरची वजावट मात्र स्वतःच्या उच्च शिक्षणालाही आहे. अ‍ॅपवरचं वैयक्तिक कर्ज त्यात बसत नाही.

आणि रेल्वेच्या विद्यार्थी पासाची आशा धरू नका. सर्वसाधारण गटाला ती सवलत पंचविशीपर्यंतच. मी कॉलेजच्या ओळखपत्रासारखं दिसणारं माझं कार्ड घेऊन खिडकीवर विचारलं होतं. मागची रांग हसली.

मोडीला किती खर्च येतो, असं विचारतात. वर्गाची फी सोडली तर एकरेघी वही, शाईपेन आणि भिंग. बोरू हौसेला ठेवा, रोजच्या सरावाला नको, कपडे खराब होतात. संगणकावर लिहायचं असेल तर २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे.

पायरी ७: पहिले सहा आठवडे

घरात जाहीर करा, पण ऑफिसात नको. ऑफिसात कळलं की रोज कोणीतरी ‘काय, किती आलं वाचायला?’ विचारतं, आणि तिसऱ्या आठवड्यात आपल्याला काहीच येत नसतं.

लोकलमध्ये अभ्यास होईल या भ्रमात राहू नका. भांडुपला सकाळी पाय ठेवायला मिळाला तरी नशीब. हात मोकळा नसतो, त्यामुळे कानाने होईल तेवढंच करा. लिहिण्यावाचण्याची वेळ वेगळी काढा. मला पहाटेची जमली, साडेपाच ते सव्वासहा, कुकर लावून. शिट्टीपर्यंत एक उतारा.

डोळे तपासून घ्या. माझा पहिला महिना ‘मोडी फार बारीक असते’ म्हणत गेला. नंबर वाढला होता.

वर्गात सगळ्यात मोठ्या तुम्हीच असाल असं नाही. आमच्याकडे एक आजोबा होते, निवृत्त तलाठी. वहीत अक्षर मोत्यासारखं, पण ‘ब’ आणि ‘व’ सतत चुकायचे. बाकी कॉलेजची पोरं. ती पटापट शिकतात आणि परीक्षेआधी गायब होतात.

पायरी ८: परीक्षा असेल तर

वीस-पंचवीस वर्षांत आपण सहीपलीकडे फारसं हाताने लिहिलेलं नसतं. तीन तासांचा पेपर पहिल्याच तासात मनगटात उतरतो. दीड महिना आधीपासून रोज दोन पानं लिहा, काहीही लिहा, किराण्याची यादी चालेल. वेळ लावून एक तरी जुनी प्रश्नपत्रिका पूर्ण सोडवा.

केंद्र कुठे आलंय ते आदल्या रविवारी जाऊन बघून या. त्या रविवारी मेगाब्लॉक असेल तर आणखी चांगलं, सगळ्यात वाईट वेळेचा अंदाज येतो. हॉलतिकिटाच्या दोन प्रती, मूळ आधार, दोन सारखी पेनं, पाणी. जवळचा चष्मा वेगळा असेल तर तोही घ्या. मी लांबचा घालून गेले होते, आणि पहिली वीस मिनिटं प्रश्नपत्रिका हातभर लांब धरून वाचली. पर्यवेक्षिका येऊन म्हणाल्या, ‘मावशी, पेपर खाली ठेवा, मागच्याला दिसतोय.’